‘एक लॉक पुरेसा होता’ म्हणणाऱ्या वाचकास

लिनक्सच्या मेमरी हॉटप्लगवरच्या (मशीन चालू असतानाच मेमरी जोडणं-काढणं) माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘लेख उगाच लांबवलाय, एकही आकृती नाही, गोटोवाल्या जुनाट कोडचं कौतुक केलंय, आणि दोन-दोन लॉक हा निव्वळ देखावा, एक पुरेसा होता. आधी कर्नल वाचा, मग लिहा.’

आकृती हवी होती, हे मान्य. रविवारी टाकतो. लांबीचं म्हणाल, तर ज्याला सवड नाही त्याने वाचू नये. पण ‘आधी कर्नल वाचा’, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा कोड वाचा, ही काय बोलायची रीत झाली? ओळख ना पाळख, आणि थेट मास्तरकी! ऐरोलीच्या एका डेटा सेंटरमध्ये मी रात्रपाळ्या काढल्या आहेत. ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्याने कर्नलमधल्या याच हॉटप्लगच्या फाइलचे छापील कागद वाचलेत, पेन्सिलीने खुणा करत. वाचन कुणाचं किती, हे टोपणनावाआडून ठरवू नका.

आता ते ‘एक पुरेसा होता’. लॉक म्हणजे दोन कामं एकमेकांत घुसू नयेत म्हणून कोडने लावायचं कुलूप; इथले दोन म्हणजे मेम_हॉटप्लग_लॉक आणि त्याच्या बाहेरचा डिव्हाइस_हॉटप्लग_लॉक. समजा, फक्त मेम_हॉटप्लग_लॉक आहे. नवी मेमरी जोडताना ॲड_मेमरी_रिसोर्स हे फंक्शन तो घेतं आणि मग मेमरी ब्लॉकची (मेमरीचे तुकडे) डिव्हाइस, म्हणजे कर्नलमधल्या त्यांच्या नोंदी, तयार करतं. ती करताना त्या डिव्हाइसचा स्वतःचा लॉकही लागतो. गोची अशी की तो लॉक मिळायच्या आधीच डिव्हाइस सिसएफएसमध्ये, म्हणजे कर्नल आपल्या गोष्टी फाइलींच्या रूपात दाखवतं तिथे, दिसू लागतं. तेवढ्यात यूडेव्हच्या (नवं डिव्हाइस दिसलं की ठरलेले नियम चालवणारा प्रोग्रॅम) एखाद्या नियमाने त्याच्या ‘स्टेट’ फाइलमध्ये ‘ऑनलाइन’ लिहिलं, की डिव्हाइस_ऑनलाइन उलट्या क्रमाने निघतं: आधी डिव्हाइसचा लॉक, मग मेम_हॉटप्लग_लॉक. दोघांच्या हातात एकेक लॉक, दोघांना हवा दुसऱ्याचा. बसा वाट बघत. म्हणून दोन्ही वाटांवर सगळ्यात आधी डिव्हाइस_हॉटप्लग_लॉक घ्यायचा. कर्नलच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमध्ये हा पेच लिहिलेला आहे. वाचायचा सल्ला देणाऱ्याने तेवढं पान तरी बघायचं.

मग तो बाहेरचाच एक ठेवा, असं म्हणाल. तो साधा म्युटेक्स आहे, एका वेळी एकच जण आत. मेम_हॉटप्लग_लॉक मात्र 4.13 पासून, म्हणजे 2017 पासून, पर-सीपीयू रीड-राइट सेमाफोर आहे: नुसतं वाचणारे अनेक जण एकदम आत, बदल करणारा एकटाच. ‘मी काम करतोय तोवर मेमरीची मांडणी बदलू नका’ एवढंच मागणारे गेट_ऑनलाइन_मेम्सवाले त्यातून एकमेकांना न अडवता जातात. त्यांना म्युटेक्सवर रांगेत उभं करायचं? शिवाय सिसएफएसवाटे येणारी विनंती तो म्युटेक्स घ्यायला थांबूनही राहत नाही. मिळाला नाही तर 5 मिलिसेकंद झोपून सिस्टिम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलला घातलेली हाक) नव्याने सुरू करते. कारण लॉक धरून डिव्हाइस काढणारा त्याच फाइलवरचं काम संपायची वाट बघत असू शकतो. हा देखावा आहे?

गोटोबद्दल, म्हणजे कोडमध्ये थेट एखाद्या लेबलावर उडी मारण्याबद्दल, थोडक्यात, कारण तुम्हीही एका शब्दात उडवलंत. त्या डेटा सेंटरमध्ये एक ब्लॉक ऑफलाइन करायचा होता आणि त्यातलं एक पान (मेमरीचा छोटा तुकडा) पिन केलेलं, म्हणजे जागेवरून हलवता न येणारं, होतं. ऑफलाइन_पेजेस ते हलवायचा प्रयत्न करत राहतं, सिग्नल येईपर्यंत. मी कंट्रोल-सी दाबलं. त्यानंतर जे घडलं ते त्या ‘जुनाट’ लेबलांखालीच: आयसोलेशन (ब्लॉकमधली पानं कुणाला न देण्याची खूण) मागे घेतलं, ज्यांना ‘मेमरी जाणार’ म्हणून कळवलं होतं त्यांना ‘रद्द’ म्हणून कळवलं. ‘स्टेट’ वाचलं तर ‘ऑनलाइन’. आयसोलेशनची पायरी राहिली असती, तर वर ‘ऑनलाइन’ दिसणाऱ्या त्या ब्लॉकमधली मोकळी पानं कुणालाच मिळाली नसती, आणि मेमरी कुठे गेली ते शोधत आम्ही सकाळपर्यंत बसलो असतो. ज्या क्रमाने केलं त्याच्या उलट क्रमाने सोडवायचं असेल, तर सी भाषेत गोटोइतकी स्वच्छ वाट मला अजून कुणी दाखवलेली नाही.

उलट टीका करायचीच होती तर नवा नोड (मेमरी आणि सीपीयूचा गट) नोंदवण्याच्या जागेवर करायची. तिथे वर्षानुवर्षं परतीची वाटच नव्हती, नोंदणी फसली की सरळ बग_ऑन, म्हणजे कर्नल तिथेच कोसळवायचं. शेजारी कॉमेंट, की हे नाइलाजाने करतोय. माझ्या लेखात त्यावर दोन परिच्छेद आहेत, तुम्ही तिथवर पोचलेले दिसत नाही.

एकाच लॉकने हा पेच सोडवणारा पॅच असेल तर इथेच टाका. ओळ न् ओळ वाचेन, आणि पटला तर याच पानावर सगळ्यात वर लावेन. तोवर ‘देखावा’ हा शब्द मागे घ्या.