कात्री हशावर नको, अख्ख्या सीनवर चालवा

‘कामं सगळ्यांची झकास, पण सिनेमा वीस मिनिटं लांबलाय.’ मुंबईत एखादा मराठी विनोदी-कौटुंबिक सिनेमा लागला, की हे वाक्य शनिवारपर्यंत लंडनच्या व्हॉट्सअ‍ॅपवरही येऊन थडकतं. मग नेहमीचे दोन गट. तिकिटाला एवढे पैसे मोजल्यावर अडीच तास तरी हवेत, असं एकाचं म्हणणं. रील्सच्या जमान्यात कुणाला धीर आहे, पावणेदोन तासांत आटपा, असं दुसऱ्याचं. दोघांचीही नजर घड्याळावर. खरं तर असे सिनेमे बऱ्याचदा लांबतात ते नट चांगले असतात म्हणूनच.

आपले बरेचसे नट रंगभूमीवरून येतात. शिवाजी मंदिरला हशा आला की नट थांबतो आणि हशा उतरायला लागला की पुढचं वाक्य टाकतो. ही जागा प्रयोगागणिक कमी-जास्त होते. सिनेमात मात्र ती संकलनात एकदाच ठरते. भरलेल्या प्लाझा थिएटरात तीच जागा अपुरी पडते, पुढचं वाक्य हशात बुडतं. बुधवारी दुपारी बाराजणांपुढे ओकीबोकी वाटते.

आता जेवणाच्या टेबलाचा सीन घ्या. पाच माणसं बसली आहेत आणि आजोबांनी सुनेला टोमणा मारला. पाचही नट कसलेले, त्यामुळे प्रत्येकाच्या क्लोजअपमध्ये काही ना काही गंमत सापडतेच. संकलकाला एकही टाकवत नाही. चार प्रतिक्रिया, दोन-दोन सेकंद, म्हणजे आठ सेकंद. अशा पंधरा जागा झाल्या की दोन मिनिटं गेली, आणि विनोद पातळ झाला तो वेगळाच. इथे सुनेचा एकच चेहरा ठेवायचा, तोही टोमणा पुरता संपायच्या आधी. उत्तरार्धात तर प्रत्येकाला रडायचा एक सीन द्यावाच लागतो, जणू करारातच लिहिलंय! बाप-लेकाचा समेट, मग सुनेचं भाषण, मग प्लॅटफॉर्मवरचा निरोप. तीन शेवट, आणि तिन्हींत काम उत्तम.

निर्माता म्हणतो, ‘टाइट करा.’ सोपा उपाय काय, तर प्रत्येक कटाच्या शेपटीतून बारा फ्रेम, म्हणजे अर्धा सेकंद उडवायचा. बाराशे कट असतील तर दहा मिनिटं वाचतात. पण तो अर्धा सेकंद म्हणजेच अभिनय: गिळलेला आवंढा, उशिरा वळलेली नजर. तो गेला की सिनेमा छोटा होऊनही कंटाळवाणा वाटतो. त्यापेक्षा एक अख्खं उपकथानक काढावं, तीनपैकी दोन शेवट काढावेत आणि उरलेल्या सीनमध्ये उशिरा शिरून लवकर बाहेर पडावं. दाराची बेल, ‘या, बसा’, पाण्याचा पेला, हे सगळं कात्रीखाली.

लांबी मुळातच वाईट असते असंही नाही. २०१६ चा जर्मन ‘टोनी एर्डमन’ १६२ मिनिटांचा आहे. त्यात नायिका झांड्रा ह्युलर घट्ट ड्रेसची पाठीमागची चेन काट्याने ओढायची खटपट करते, आणि तेवढ्यात दाराची बेल वाजते. ती खटपट बघायला पुरेसा वेळ मिळतो, म्हणूनच पुढचा वेडेपणा पटतो. ही मिनिटं बाप-लेकीच्या एकाच नात्याच्या कामी आली आहेत, सात पात्रांत वाटून संपलेली नाहीत.

मुंबईत दुसरा वाद खेळांचा. २०१५ साली सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी सिनेमासाठी दुपारी बारा ते रात्री नऊ ही वेळ ठरवून दिली, तरी ‘आम्हाला शो मिळत नाहीत’ ही तक्रार आहेच, आणि ती खोटी नाही. पण साधा हिशेब मांडा. जाहिराती, मध्यंतर आणि साफसफाई धरून अडीच तासांचा सिनेमा पडदा सव्वातीन तास अडवतो. सकाळी दहापासून मध्यरात्रीपर्यंत असे चारच खेळ बसतात. पावणेदोन तासांचा सिनेमा अडीच तासांत आटोपतो आणि पाचवा खेळ मिळतो. थिएटरवाल्याशी घासाघीस करताना हा मुद्दा हाताशी असावा.

इकडे हिशेब आणखी कडक. ब्रिटनमध्ये सेन्सॉर मंडळाचं शुल्क मिनिटावर मोजलं जातं. मराठी सिनेमाचा खेळ बहुधा एखादाच असतो, आणि बहुतेक ठिकाणी मध्यंतर नसतं. ‘मध्यंतर’ची पाटी येते, चार सेकंदांत जाते आणि लगेच ते गाणं सुरू होतं, जे खरं तर लोक पॉपकॉर्न घेऊन परत येईपर्यंत वेळ काढायला ठेवलेलं असतं. मुंबईत ते कुणाला खटकत नाही. इथे भर सिनेमात चार मिनिटांचा खड्डा पडतो.

सबटायटलचंही तेच. दोन ओळी, ओळीला साधारण चाळीस अक्षरं, एवढीच जागा. विनोदाचा शेवटचा शब्द पहिल्याच पाटीत आला तर मराठी न कळणारा जावई नटाआधीच हसून मोकळा होतो. टोमण्याची पाटी वेगळी हवी, आणि ती नटाच्या तोंडून शब्द निघतानाच यायला हवी.

परदेशासाठी वेगळा छोटा सिनेमा काढा, असं काहीजण सुचवतात. त्याची गरज नाही. ‘मध्यंतर’ची पाटी आणि तिच्यानंतरचं गाणं वगळलेली प्रत पुरे. फक्त हे अंतिम ध्वनिमिश्रणाच्या आधी ठरवायला हवं. नंतर कापलं तर पार्श्वसंगीत मधेच तुटतं, आणि तो सांधा जुळवायला स्टुडिओची तारीख पुन्हा घ्यावी लागते.