नवीन पेशंट घेता का?

अमेरिकेत माणूस ६४ वर्षांचा झाला की पहिल्यांदा टपालवाल्याची पाठ दुखायला लागते. रोज जाडजूड पाकिटं येतात. प्रत्येक पाकिटावर चंदेरी केसांचं एक जोडपं असतं. कधी सायकल चालवत असतं, कधी हातात गाजर धरून एकमेकांकडं बघून हसत असतं. दोघांचेही दात माझ्यापेक्षा बरे. पाकिटावर ठळक अक्षरात 'अत्यंत महत्त्वाचे' आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात 'आमचा सरकारशी काहीही संबंध नाही'. मेडिकेअरच्या वयात आपण शिरतोय ही बातमी आपल्या मुलांच्या आधी या मंडळींना कळलेली असते.

मेडिकेअर म्हणजे ६५ आणि त्यापुढच्यांसाठीचा सरकारी आरोग्यविमा. दहा वर्षं पगारातून त्याचा कर कापला गेला असेल तर हॉस्पिटलचा भाग, म्हणजे पार्ट ए, हप्त्याशिवाय मिळतो. डॉक्टरांसाठीच्या पार्ट बीला दरमहा पैसे मोजायचे; २०२५ साली ते १८५ डॉलर होते. बी वेळेत घेतला नाही तर उशिराच्या दर बारा महिन्यांमागं दहा टक्के दंड, आणि तो एकदा भरून सुटका नाही, जन्मभर हप्त्याला चिकटून राहतो. नोकरीचा विमा चालू असेल तर तेवढी माफी असते, म्हणून आम्ही वाचलो. सी म्हणजे ए आणि बी दोन्ही खाजगी कंपनीच्या हवाली. डी म्हणजे औषधं.

इथवर कुणालाही समजेल. मग कळतं की मूळ मेडिकेअरला जोड म्हणून, तिनं न भरलेला खर्च उचलायला, मेडिगॅप नावाची वेगळी पॉलिसी असते आणि तिच्या प्लॅनांची नावंही ए, बी, सी, डी अशीच आहेत. पार्ट बी वेगळा, प्लॅन बी वेगळा. नवऱ्यानं दोन रात्री जागून सगळ्यांत प्लॅन एफ पसंत केला, तर २०२० पासून पुढं पासष्टी गाठणाऱ्यांना तो मिळतच नाही. सव्वीस अक्षरं हाताशी असताना पहिलीच चार पुन्हा वापरायची बुद्धी कुणाची, देव जाणे. आणि याच मेडिकेअरच्या कार्डावरच्या अकराखणी नंबरात एस, एल, ओ, आय, बी आणि झेड ही अक्षरं मुद्दाम टाळलेली असतात, आकड्यांशी घोटाळा होऊ नये म्हणून! म्हणजे लोकांचा गोंधळ होतो याची काळजी वाहणारं कुणीतरी तिथं आहे. नंबरांच्या टेबलावर बसलंय बिचारं.

आम्ही सी घेतला. त्याचं नाव मेडिकेअर ॲडव्हांटेज. आमचा त्यातला एचएमओ, म्हणजे कंपनीच्या यादीतल्याच डॉक्टरांकडं जायचं. बीच्या वर वेगळा हप्ता नाही, चष्म्याला पैसे, दाताला थोडे पैसे, जिम फुकट. आता देशातले निम्म्याहून जास्त मेडिकेअरवाले असल्याच प्लॅनांत आहेत, तेव्हा आम्ही काही जगावेगळं केलं नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आमच्या मराठी गोतावळ्यात यावरून सरळ दोन तट आहेत. पूर्वी दिवाळीच्या फराळाला पुरुषमंडळी घरांच्या किमतींवर वाद घालायची. आता चिवड्याची बशी हातात घेऊन 'तू मेडिगॅपला नाही म्हणालास? पुढं पस्तावशील' अशा आवाजात बोलतात. दातांबाबत मात्र एकमत आहे. मेडिकेअर भारतात चालत नाही, पण पुण्याच्या दंतवैद्याला रोख चालते. डिसेंबरात पुण्यातल्या दवाखान्यांत निम्मी न्यू जर्सी तोंड उघडून बसलेली असते.

एचएमओत एक प्रायमरी केअर डॉक्टर नेमावा लागतो. त्यानं चिठ्ठी दिली तर पुढचे तज्ज्ञ. माझा उजवा गुडघा जिना उतरताना कटकट वाजतो. गुडघ्याचे तज्ज्ञ आमच्या गावात मुबलक आहेत, पण थेट त्यांच्याकडं जायची सोय नाही, आधी प्रायमरी. आमच्या इतक्या वर्षांच्या डॉक्टरांकडं फोन केला, तर तिथली रिसेप्शनिस्ट, जी माझ्या मुलाच्या कांजिण्यांपासून मला ओळखते, अगदी हळहळून म्हणाली, "अय्यो हनी, तो प्लॅन आम्ही जानेवारीत सोडला." मूळची चेन्नईची आहे, त्यामुळं तिची सहानुभूती दोन्ही भाषांत असते. प्लॅन बदलायला आम्हाला मुभा मुख्यतः १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर. डॉक्टरांना प्लॅन सोडायला बाराही महिने मोकळे.

दरम्यान कंपनीनं आम्हाला आपणहून एक डॉक्टर नेमून टाकले. कार्डावर त्यांचं नाव छापूनच आलं. मला भरून आलं, फोन केला. दवाखाना तासाभराच्या अंतरावर, आणि नवीन पेशंट घेणं बंद.

"पण माझ्या कार्डावर तुमचंच नाव आहे."

"हो, ते बऱ्याच लोकांच्या कार्डावर आहे," ती बाई शांतपणे म्हणाली.

मग डिरेक्टरी. कंपनीच्या वेबसाइटवर आपला पिन कोड घातला की डॉक्टरांची यादी येते, प्रत्येकाच्या नावापुढं हिरवी खूण: 'नवीन पेशंट घेतात'. या यादीत किती वस्ती खरी आहे ते फोन केल्याशिवाय कळत नाही. एक डॉक्टर फ्लोरिडाला राहायला गेलेले. एक बालरोगतज्ज्ञ, त्यांच्या नर्सनं माझी जन्मतारीख दोनदा विचारली आणि दोन्ही वेळा 'वाऽव' म्हणाली. एक नंबर तर कार्पेटवाल्याचा निघाला. बिचारा म्हणाला, रोज दोन-चार फोन येतात, पाठदुखीवर गरम पाण्याची पिशवी एवढंच मी सांगू शकतो. एकंदर त्या यादीत तोच एक होता ज्यानं माझी तक्रार शेवटपर्यंत ऐकली. इकडचे पेपरवाले असल्या याद्यांना भुतांचं नेटवर्क म्हणतात. पण भुतं निदान पौर्णिमा-अमावास्येला तरी दिसतात.

जिथं खरंच दवाखाना असतो तिथला फोन वेगळा प्रकार. आधी मशीन सांगतं, जिवावर बेतलं असेल तर फोन ठेवा आणि ९११ फिरवा. मग स्पॅनिशसाठी दोन दाबा. मग सनई-चौघडा नव्हे, पण तितक्याच चिकाटीचा एक पियानो. मध्येच तो थांबतो, आपण घसा साफ करून 'हॅलो' म्हणतो, तर मशीन म्हणतं, 'तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे', आणि पियानो पुन्हा पहिल्यापासून. मी फोन स्पीकरवर टाकून एकदा आख्खी पालेभाजी निवडली, धुतली, फोडणीला टाकली आणि लसूण तडतडायला लागल्या क्षणी जिवंत बाई आली. "व्हॉट्स दॅट नॉइज?" हा तिचा पहिला प्रश्न.

दुसरा, "इन्शुरन्स कोणता?" काय होतंय हे कुणीच विचारत नाही. पुण्यातला रिक्षावाला जसा मीटरला हात लावण्याआधी 'कुठं जायचंय' विचारतो आणि ऐकून घेऊन समोर बघत बसतो, तसंच. प्लॅनचं नाव सांगितलं की पलीकडं कीबोर्डची टकटक. मग आडनावाचं स्पेलिंग. माझ्या आडनावात एक 'ढ' आहे आणि एक 'ळ', त्यामुळं 'डी ॲज इन डॉग, एच ॲज इन हाउस' असं करत मी जवळजवळ एक गाव वसवते. एवढं झाल्यावर: "डॉक्टर तुमचा प्लॅन घेतात. पण नवीन पेशंट घेत नाहीत."

इथं माझी खरी तक्रार आहे. ६८ वर्षांच्या बाईला नवीन म्हणतातच कशाला? मुलगा मला नवीन फोनच्या लायक समजत नाही, सून तिच्या नवीन रेसिप्या दाखवत नाही, जिममधला मुलगा मला पाहिल्याबरोबर खुर्ची पुढं करतो. आख्ख्या अमेरिकेत मला नवीन समजणारी जागा एकच, आणि तिथं नवीन लोक चालत नाहीत.

सांगलीच्या ताईला व्हॉट्सॲपवर हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "म्हणजे विमा आहे, पैसे आहेत, दुखणं आहे. आणि फक्त डॉक्टर नाही?"

"हो."

"आमच्याकडं ये मग. कंपाउंडर नाव लिहून घेतो, बाकावर बसायचं. फार तर आधीचा पेशंट आत गप्पा मारतो." मग म्हणाली, तिला सत्तरी झाल्यावर सरकारचं पाच लाखांचं आयुष्मान कार्ड मिळालंय, पण ते वापरायचं तर हॉस्पिटलात दाखल व्हावं लागतं. "तेवढ्यासाठी कोण आडवं पडणार?" दोन्ही देशांत सरकारं म्हाताऱ्यांवर माया करतात, नाही असं नाही, फक्त माया आणि म्हातारं यांची गाठ पडत नाही.

राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सननी ३० जुलै १९६५ रोजी मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली तीच मुळी मिसुरीत इंडिपेन्डन्स नावाच्या गावी जाऊन, आणि पहिलं कार्ड तिथंच माजी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांना दिलं. ट्रूमन तेव्हा ८१ वर्षांचे होते. त्यांनी 'नवीन पेशंट घेता का' असं विचारत पियानो ऐकला असेल असं मला वाटत नाही. तेव्हा फॅमिली डॉक्टर घरी येत. आता नव्यानं डॉक्टर झालेल्या पोरांच्या डोक्यावर शिक्षणाचं एवढं कर्ज असतं की ती जास्त पैसे देणाऱ्या शाखांकडं वळतात. हृदयाची झडप बदलणाऱ्याला जे मिळतं ते पेशंटचं गाऱ्हाणं ऐकणाऱ्याला मिळत नाही. आणि जे जुने जाणते प्रायमरी उरलेत त्यांतले काही वार्षिक फी घेऊन मोजकेच पेशंट बघतात. असे एक डॉक्टर आमच्याच रस्त्यावर आहेत. फी ऐकून नवरा म्हणाला, एवढ्यात तर मी आजारी न पडण्याचा प्रयत्न करीन.

शेवटी डॉक्टर मिळाली ती ओक ट्री रोडवरच्या भाजीवाल्याकडं. मी भेंडीची टोकं मोडून बघत होते. शेजारी एक गुजराती बेन, वयानं माझ्याएवढ्या, त्याही मोडत होत्या. दुकानदार आमच्याकडं बघून कण्हत होता. बेनना मी सहज गुडघा सांगितला. त्या म्हणाल्या, आमच्या क्लिनिकमध्ये गेल्या महिन्यात एक पोरगी आलीय, आत्ताच रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातली उमेदवारी, संपवून. "सगळे प्लॅन घेते. अजून तिला कोणी ओळखत नाही, लवकर जा." मी भेंडी तिथंच टाकली आणि गाडीत बसून फोन लावला. दोघांनाही वेळ मिळाली, एकाच सकाळी. पुढच्या सात-आठ दिवसांत तिथं आमच्या गोतावळ्यातली किती मंडळी दाखल झाली ते विचारू नका. मी फक्त दोघींना सांगितलं होतं.

तोवर मेडिकेअरमध्ये आम्हाला वर्ष उलटून गेलं होतं, म्हणून पहिली भेट 'ॲन्युअल वेलनेस व्हिजिट' ठरली. ही फुकट असते. आत गेल्यावर कळलं की हिच्यात प्रकृतीची चौकशी असते, तपासणी फारशी नसते. गेल्या वर्षात पडलात का? घरात सैल गालिचे आहेत का? उदास वाटतं का? नर्सनं तीन शब्द सांगितले, "केळं, सूर्योदय, खुर्ची, लक्षात ठेवा," आणि कागदावर घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला लावली. मी काटे काढले, शब्द परत म्हणून दाखवले, शाबासकी मिळाली. मग डॉक्टर आली. लहानखुरी, हसरी, माझ्या भाचीएवढी. मी ताबडतोब गुडघा पुढं केला.

"ओह," ती खरोखर वाईट वाटून म्हणाली, "ही वेलनेसची भेट आहे. दुखण्यासाठी वेगळी अपॉइंटमेंट घ्यावी लागेल. त्याचा बिलाचा कोड वेगळा असतो."

बाहेर नवरा आपल्या पाळीची वाट बघत बसला होता. त्याच्या कानात मी घाईघाईनं सांगितलं: केळं, सूर्योदय, खुर्ची, अकरा दहा, आणि गालिचा नाही म्हण. संसार म्हणजे दुसरं काय असतं. तो ओठांतल्या ओठांत घोकत आत गेला.

त्या नर्सकडं शब्दांचे बरेच संच असतात, हे मला काय माहीत. तिनं त्याला 'पुढारी, ऋतू, टेबल' सांगितले. यानं घड्याळ उत्तम काढलं आणि मग मोठ्या आत्मविश्वासानं 'केळं, सूर्योदय, खुर्ची' म्हणून दाखवलं. नर्सनं पुन्हा एकदा विचारलं, तर यानं मदत म्हणून 'गालिचा नाही' हेही सांगितलं.

मला गुडघ्यासाठी साडेतीन महिन्यांनंतरची वेळ मिळाली. नवऱ्याला पुढच्याच मंगळवारी बोलावलंय, सकाळी नऊला, चांगला पाऊण तास. बरोबर बायकोला आणा म्हणालेत. गुडघा घेऊन जाणारच आहे.