ग्रेनाडाची ती मुलं गुलामांचं स्मारक नव्हेत

समुद्रतळाशी हात धरून गोल उभ्या असलेल्या मूर्ती, अंगावर शेवाळ आणि प्रवाळ. खाली ओळ असते, ‘गुलामांच्या जहाजांवरून समुद्रात फेकलेल्या आफ्रिकन लोकांचं ग्रेनाडातलं स्मारक’. हा फोटो वर्षानुवर्षं फिरतोय. पाठवणाऱ्यांची कळकळ खरी आहे, माहिती चुकीची आहे.

मुळात ते शिल्प घडलं कशासाठी? २००४ मध्ये आयव्हन चक्रीवादळानं कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा या बेटदेशाची दैना केली, प्रवाळही मोडलं. त्यानंतर ब्रिटिश शिल्पकार जेसन डिकेअर्स टेलर यांनी मोलिनेअर उपसागरात पाण्याखालचं शिल्पउद्यान सुरू केलं, ते २००६ मध्ये. नव्या प्रवाळाला रुजायला जागा मिळावी, पर्यटकांची गर्दी उरलेल्या प्रवाळावरून हटावी, हा हेतू. गोलातल्या २६ मूर्ती म्हणजे तिथल्याच मुलांवरून साचे घेऊन केलेली मुलं. गुलामांच्या व्यापाराशी संबंध जोडण्याचा आपला विचार नव्हता, असं टेलर यांनी स्वतःच सांगितलंय.

यावर उत्तर येतं, ‘बघणाऱ्याला तसं वाटलं तर बिघडलं कुठे?’ वाटण्यात काहीच बिघडलं नाही. टेलर यांनाही त्या अर्थाचं वावडं नाही. अटलांटिकपलीकडे न्यायला सव्वा कोटीच्या आसपास माणसं जहाजांत कोंबली गेली, त्यांतली अठरा लाखांच्या घरात वाटेतच मेली. कॅरिबियन समुद्र बघून ते आठवणारच. पण ‘मला हे आठवलं’ म्हणणं वेगळं आणि ‘हे त्यांच्यासाठीच उभारलं’ म्हणणं वेगळं.

‘त्या गुलामांचं निदान हे एक तरी स्मारक आहे, दुसरं कुठलंच नाही’ असंही म्हटलं जातं, ते तर साफ खोटं. मार्टिनिक या कॅरिबियनमधल्या फ्रेंच बेटावर, आन्स काफारच्या किनाऱ्यावर १८३० च्या एप्रिलमध्ये गुलामांचं एक जहाज खडकांवर फुटलं. फ्रान्सनं तोवर या व्यापारावर बंदी घातलेली होती, तरीही ते आलं होतं. तिथे १९९८ मध्ये लोराँ व्हालेर यांनी १५ पांढरे पुतळे उभे केले. खांदे पडलेले, माना खाली, त्रिकोणात उभे. त्यांची तोंडं ११० अंशांवर, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीच्या आखाताकडे.

पाण्याखालचंच हवं, तर फ्लोरिडाजवळ १७०० मध्ये बुडालेल्या ‘हेन्रिएटा मेरी’ या गुलामांच्या जहाजाच्या जागी कृष्णवर्णीय पाणबुड्यांच्या संघटनेनं १९९३ मध्ये स्मृतिफलक बसवला. या जहाजाच्या अवशेषांत बेड्यांचा ढीग सापडला आणि त्यांत लहान मुलांच्या मनगटांना बसतील इतक्या छोट्याही होत्या.

आणि समुद्रात फेकलेल्यांची आठवण? १७८१ मध्ये ‘झाँग’ जहाजावरून १३० हून अधिक माणसं फेकली गेली. मालकांनी त्यांचा विमा मागितला, म्हणून प्रकरण कोर्टात गेलं. खुनाचा खटला कुणावरही झाला नाही. इंग्रज चित्रकार टर्नरचं १८४० चं चित्र याच घटनेशी जोडलं जातं. बोस्टनच्या संग्रहालयात ते आहे. उजवीकडे खाली लाटांतून वर आलेला एक पाय दिसतो, बेडीसकट.

फोटो पाठवायचाच असेल तर आन्स काफारचा पाठवा आणि खाली १८३० लिहा. ग्रेनाडाचा पाठवलात तर टेलर यांचं नाव घाला, प्रवाळाबद्दल लिहा.