आडनावं इंग्रजांनी दिली? मग जावळीचे मोरे कोण होते?

साताऱ्यापासून सांगलीपर्यंत भावकीच्या आणि सोयरिकीच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. सार असं: आपल्या पूर्वजांना आडनावच नव्हतं, १८८१ च्या जनगणनेत इंग्रजांनी ते चिकटवलं. गावाला ‘कर’ लावला की झालं आडनाव. इंग्रजांची आडनावं लोहार-शिंप्यांच्या धंद्यावरून, आपली मात्र शुद्ध कुळावरून, म्हणून आडनाव ऐकलं की जात आणि कूळ कळतं. आणि जगात आडनावाशिवाय माणूस नाही.

आधी एक गंमत बघा. आडनाव इंग्रजाच्या कारकुनाने चिकटवलं असेल, तर ते शुद्ध कुळावरून कसं आलं? मजकूर लिहिणाऱ्याने स्वतःच वाचला असता तरी हे ध्यानात आलं असतं.

आता १८८१. देशभर एकाच वेळी झालेली पहिली खानेसुमारी त्या सालची, एवढं खरं. पण १६५६ साली शिवाजी महाराजांनी जावळी घेतली ती मोऱ्यांकडून. चंद्रराव हा त्यांचा किताब, मोरे हे आडनाव. सईबाई फलटणच्या निंबाळकरांच्या लेक. वाईजवळ मेणवलीत कृष्णेकाठी वाडा बांधणारे नाना फडणवीस, त्यांचं आडनाव भानू. फडणवीस हा हुद्दा. डलहौसीने १८४८ साली खालसा केलं ते सातारचं राज्य भोसल्यांचं, आणि सांगलीची गादी पटवर्धनांची. यातल्या कुणाचंही जनगणनेवाचून अडलं नव्हतं.

कुणी म्हणेल, ही तर सरदार-दरकदारांची नावं, रयतेचं काय? प्रश्न रास्त आहे. कुणबी नोंदी शोधायला लोकांनी मोडी कागद बाहेर काढले तेव्हा त्यांत कित्येक ठिकाणी नुसतं ‘अमुक बिन तमुक’, म्हणजे तमुकचा मुलगा अमुक, एवढंच सापडलं, आडनाव नाहीच. माझ्या मते या समजुतीचं मूळ तिथं असावं. पण ज्या गावात पाटील-कुलकर्णी घराघराला ओळखतात, तिथं आडनाव लिहिलं नाही म्हणून ते नव्हतं असं होत नाही. उलट एकाच घराला दोन-दोन, तीन-तीन नावं असत: कुळाचं एक, वतनाचं दुसरं, मूळ गावावरून तिसरं. प्रसंग पाहून त्यातलं एक चाले. पुढे शाळेचं रजिस्टर, कोर्टाचा दावा, पलटणीचं पगारपत्रक आलं आणि प्रत्येकाला एकच, कायमचं नाव हवं झालं. इंग्रजी अमलाचा वाटा असलाच तर तो हा.

आपल्याच भागातली माणसं घ्या. फलटणचे निंबाळकर मूळचे पवार म्हणवतात, निंबळक गावावरून निंबाळकर झाले. जतचे डफळे मूळचे चव्हाण, डफळापूरवरून डफळे. जोतीराव फुल्यांचं घराणं खटाव तालुक्यातल्या कटगुणचं, आडनाव गोऱ्हे. पेशव्यांना फुलं पुरवायला लागले आणि फुले झाले. प्रतिसरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील, त्यांचं आडनाव पिसाळ. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या शाळेत दाखल झालेल्या भिवाचे वडील रामजी सकपाळ, गाव कोकणातलं आंबडवे, आणि तो मुलगा जगाला माहीत झाला आंबेडकर म्हणून. आडनाव म्हणजे न बदलणारं रक्त, असं म्हणणाऱ्याने ही पाच घराणी आधी समजून घ्यावीत.

‘कर’बद्दल मजकूर अर्धा बरोबर आहे. बहुतेक ‘कर’ गावावरूनच येतात, पण सगळे नाही. भांडारकर कुठल्या भांडार गावचे नव्हेत, ते नाव भांडाराच्या कामावरून आलेलं. आणि गावात राहणाऱ्याला गावकरी त्याच गावाच्या नावाने कशाला हाक मारतील? बाहेर पडल्यावरच होळ गावचा माणूस होळकर होतो. सांगली जिल्ह्यात तर उलटाही प्रकार आहे. कोकणातल्या किर्लोस गावावरून किर्लोस्कर, त्यांनी १९१० साली कुंडलजवळ माळावर कारखाना काढला आणि आडनावावरून गाव झालं, किर्लोस्करवाडी. तिथला माणूस बाहेरगावी गेला तर त्याने किर्लोस्करवाडीकर व्हायचं का?

धंद्याची आडनावं फक्त इंग्रजांची, हे लिहिणाऱ्याने मिरज-तासगावच्या बाजारपेठेतल्या पाट्या कधी वाचल्या नसाव्यात. तांबोळी, अत्तार, शिकलगार, बागवान, लोहार, सुतार हे सगळं काय आहे? इंग्रजांचा स्मिथ, जर्मनांचा श्मिट, इटलीचा फेरारी, हंगेरीचा कोवाच, अरबांचा हद्दाद, सगळे लोहारच. भाता आणि ऐरण प्रत्येक गावात लागायची, म्हणून हे आडनावही जवळजवळ प्रत्येक मुलखात आहे. त्यात कमीपणा कसला?

आता सगळ्यात खोडसाळ मुद्दा, आडनावावरून जात कळण्याचा. पाटील ही गावची पाटीलकी. क्रांतिसिंह नाना पाटील मराठा, रयत शिक्षण संस्था काढणारे कर्मवीर भाऊराव पाटील जैन, आणि लिंगायत पाटील तर मिरज-जत भागात गावोगाव. साठे म्हटलं की पुण्याकडच्या माणसाला कोकणस्थ आठवतो, पण वाटेगावचे अण्णाभाऊ साठे मातंग समाजातले. इनामदार हिंदूही आहेत, मुसलमानही. जाधव, मोरे, गायकवाड, शिंदे, कांबळे यांवरून जात ओळखतो म्हणणारा पैज हरणार. आपल्या म्हाताऱ्या माणसांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर स्थळ आलं की पहिला प्रश्न ‘कोणते पाटील?’ आणि मराठा घरांत पुढचा प्रश्न देवकाचा, म्हणजे कुळाच्या पूज्य चिन्हाचा. आडनाव एक असूनही देवक वेगळं निघालं तर सोयरिकीचा विचार होतो, आणि आडनावं वेगळी असून देवक एक निघालं तर बोलणी तिथंच थांबतात. एका आडनावात कूळ मावत असतं, तर वंशावळी सांगणाऱ्या हेळव्याला दारात बसवून कोणी ऐकलं असतं?

राहिली जगाची गोष्ट. सरकारने वरून आडनावं वाटल्याचं उदाहरण हवंच असेल, तर ते फिलिपिन्समध्ये मिळेल. स्पॅनिश गव्हर्नर क्लावेरियाने १८४९ साली आडनावांची यादीच छापून घेतली आणि लोकांना त्यातून नावं नेमून दिली. जपानने १८७५ साली, तुर्कस्तानने १९३४ साली कायद्याने आडनाव सक्तीचं केलं. केमाल पाशाला अतातुर्क हे आडनाव तेव्हाच मिळालं. आइसलँडमध्ये आजही बहुतेकांना आडनाव नाही, बापाच्या नावाला ‘सन’ किंवा ‘दोत्तिर’ जोडतात, त्यामुळे सख्ख्या बहीण-भावांची नावं वेगळी लागतात. १९८० साली तिथं राष्ट्राध्यक्ष झालेल्या विग्दिस फिनबोगादोत्तिर, म्हणजे फिनबोगीची मुलगी. इंडोनेशियाच्या सुकार्नो आणि सुहार्तो यांचं तर एका नावावर भागलं. एवढं लांबही जायला नको. विटा-खानापूरची गलाईवाली, म्हणजे सोनं-चांदी गाळणारी मंडळी तामिळनाडूत दुकानं थाटून आहेत, त्यांना विचारा. तिथल्या शेजाऱ्याच्या नावाआधी जे एक अक्षर असतं ते बहुधा त्याच्या बापाच्या नावाचं, आणि त्याच्या पोराच्या नावाआधी ते बदललेलं असतं.