आमदाराला पदवीची अट हवी का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. शिपायाच्या नोकरीलाही शिक्षणाची अट असते, मग आमदार-खासदाराला का नाही, असं तुम्ही विचारलंय. वसंतदादा पाटील आणि सुशीलकुमार शिंदे यांच्यावर लिहून मी कमी शिकलेल्यांचा उदोउदो करतो, असाही आक्षेप आहे.

शिंदे यांना त्या रांगेत बसवू नका. सोलापूरच्या कोर्टात शिपाई असतानाही ते शिकत राहिले, फौजदार झाले आणि १९७४ साली करमाळ्यातून आमदार. वसंतदादांचं शालेय शिक्षण मात्र खरंच बेताचं. पण १९८३ साली विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडलं ते त्यांच्याच सरकारनं. त्यातून डोनेशनचं दुखणं जडलं, ही टीका मला पटते. तरीही पदवी नसलेल्याला शिक्षणाची किंमत कळत नाही, हे तुमचं म्हणणं इथे टिकत नाही.

अट घातली की काय होतं, ते हरियाणात दिसलं. २०१५ साली तिथे पंचायत निवडणुकीसाठी खुल्या गटातल्या पुरुषांना दहावी, तर महिलांना साधारणपणे आठवी पास असणं सक्तीचं झालं. सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा वैध ठरवला. मला तो आजही अन्यायाचा वाटतो. ज्या बायांना लहानपणी शाळेत धाडलंच नाही, त्यांनाच पुन्हा पंचायतीच्या दारात अडवलं.

माझ्या लेखी उमेदवाराची खरी पार्श्वभूमी म्हणजे त्यानं खालच्या पायरीवर काढलेली वर्षं. आर. आर. पाटील वकिलीची पदवी घेतलेले, पण १९९० साली तासगावातून आमदार होण्याआधी त्यांनी दहा-अकरा वर्षं सांगली जिल्हा परिषदेत काढली होती. निधी गावापर्यंत पोचताना कुठे अडतो, ग्रामसभेला माणसं का येत नाहीत, हे तिथेच कळतं. पुढे ग्रामविकास मंत्री असताना त्यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान गावकऱ्यांच्या हाती सोपवलं, त्यामागे जिल्हा परिषदेतली तीच वर्षं होती असं मी मानतो. विलासराव देशमुखही आधी बाभळगावचे सरपंच होते.

उमेदवाराच्या शपथपत्रात, म्हणजे नमुना २६ मध्ये, शिक्षण, मालमत्ता, कर्ज आणि गुन्हे हे सगळं लिहावं लागतं. आधी कोणत्या पदावर निवडून आला आणि तिथे किती बैठकांना हजर होता, याला मात्र रकाना नाही. पदवीच्या अटीऐवजी तो रकाना वाढवा, अशी मागणी तुम्ही करणार असाल तर त्या निवेदनावर माझीही सही घ्या.