लोहाच्या गोळ्यांनी बाळ काळं होत नाही, प्लीज तो मेसेज थांबवा

फॅमिली ग्रुपवर परत तेच फिरतंय, गरोदर बाईने लोहाच्या गोळ्या घेतल्या की बाळ काळं होतं आणि पोटभर जेवली की बाळ मोठं होऊन सिझर करावं लागतं. दोन्ही चुकीचं आहे. बाळाचा रंग आईवडिलांकडून येतो, गोळीने काळी होते ती फक्त आईची शी, कारण सगळं लोह शरीरात शोषलं जात नाही, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या लाल गोळीत 60 मिग्रॅ लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड असतं, चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान 180 दिवस, आणि बाळंतपणानंतरही 180 दिवस. चहासोबत नको, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, लिंबूपाणी चालेल. आणि जेवण कमी केल्याने डिलिव्हरी सोपी होत नाही हो, उलट बाळ कमी वजनाचं जन्मण्याची भीती वाढते.

हे मी सुनांना नाही, सासूबाईंना आणि नवऱ्यांना सांगतेय, कारण ताटात काय पडणार हे बऱ्याच घरात तेच ठरवतात. तिला सगळ्यात शेवटी उरलंसुरलं नको, सगळ्यांबरोबर बसवा, डाळ, अंडं, पालेभाजी आधी तिला वाढा. नवऱ्याने रात्री गोळीची आठवण करायची, तपासणीला सोबत जायचं. शंका असेल तर आशाताईंना विचारा, फॉरवर्डला नाही.