दूध भेसळीचं नव्हतं, आलं कच्चं होतं

सकाळी सकाळी एका मैत्रिणीने फोटो पाठवला. पातेल्यात फाटलेलं दूध, वर पिवळसर पाणी, तळाशी गोळे. खाली एक ओळ: "हल्ली दुधात काय भेसळ करतात कोण जाणे." अर्धा लिटर दूध मोरीत गेलं. लेकाचा खोकला आहे तिथेच.

विचारलं, नक्की काय केलंस? म्हणाली, व्हिडिओत सांगितलं होतं तसंच. आलं किसून रस काढायचा, दूध "कोमट ते गरम" करायचं, रस त्यात घालायचा आणि अजिबात उकळायचं नाही, कारण उकळलं की आल्यातलं औषध मरतं.

झालं. या शेवटच्या वाक्यासाठी ही पोस्ट लिहितोय. "औषध मरतं" म्हणे! ज्याने तो व्हिडिओ केला त्याने आयुष्यात एकदा तरी आलं दुधात घातलंय का, हा माझा प्रश्न आहे.

ताज्या आल्यात झिंजिबेन नावाचं एक एन्झाइम असतं. त्याचं काम प्रथिनं तोडणं. दुधातल्या केसिन या प्रथिनाचे कण एकमेकांपासून लांब ठेवणारा जो थर असतो तोच ते कापतं, मग कण एकमेकांना चिकटतात आणि दूध जमतं किंवा फाटतं. चीज करताना दूध जमवायला घालतात ते रेनेट जे करतं, जवळपास तेच. आणि हे एन्झाइम सगळ्यात जोरात चालतं ते साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसला. म्हणजे नेमकं "कोमट ते गरम, पण उकळू नका" असं दूध! व्हिडिओवाल्याने बरोब्बर तेच तापमान सांगितलं जिथे दूध फाटणारच. वर आणखी थोडं तापवलं की हे एन्झाइम निकामी होतं. उकळत्या पाण्यात ते टिकत नाही.

म्हणून चहात क्रम महत्त्वाचा. दोन कपांसाठी पेराएवढा तुकडा घ्या, सुमारे १० ग्रॅम. ठेचा, ३०० मिली पाण्यात घाला, झाकण ठेवून पाच मिनिटं चांगलं उकळू द्या. मग दोन चमचे चहापूड, मिनिटभर उकळी, आणि शेवटी १५० मिली दूध, तेही आधी तापवलेलं. थंड दूध आणि कच्चं आलं एकत्र घालून मंद आचेवर ठेवलं, तर ते दूध ६० ते ७० अंशांतून रमतगमत वर जातं आणि एन्झाइमला हवा तेवढा वेळ मिळतो. उकळी येईपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. मोठा तुकडा न ठेचता तसाच टाकणाऱ्यांनी आठ-दहा मिनिटं तरी द्यावीत, कारण उष्णता आतपर्यंत पोचायला वेळ लागतो.

कधी कधी दोष दुधाचाच असतो, हे मान्य. शिळं दूध आंबटाकडे झुकलेलं असतं, ते आलं उकळून घातलं तरी फाटतं. ओळखायचं कसं? चार चमचे दूध वेगळं उकळून बघा. नुसतंच फाटलं तर दुधाला बोल लावा. नाही फाटलं तर आपला क्रम चुकला. मैत्रिणीला हेच करायला लावलं. पिशवीत उरलेलं दूध उकळलं आणि छान साय धरली. आली का भेसळ?

आता त्या "मरणाऱ्या औषधा"कडे येऊ. ताज्या आल्याचा तिखटपणा मुख्यतः जिंजेरॉलचा. आलं वाळवलं किंवा बराच वेळ तापवलं की जिंजेरॉलमधून पाण्याचा एक रेणू निघून जातो आणि शोगाओल तयार होतं. ते जिंजेरॉलपेक्षा जास्त तिखट, साधारण दुप्पट. सुंठ घशात पेटते ती याच्यामुळे. आलं शिजत राहिलं की काही जिंजेरॉलचं झिंजेरोन होतं. ते सौम्य, किंचित गोडसर, मसालेदार वासाचं. म्हणजे कच्चं, उकळलेलं आणि वाळलेलं ही कामाच्या दृष्टीने तीन वेगळी द्रव्यं आहेत. उष्णतेने आलं मरत नाही, बदलतं. उडून जातो तो वास, कारण सुगंधी तेलं वाफेबरोबर जातात. तिखट द्रव्यं अशी उडत नाहीत. म्हणून झाकण ठेवायचं. इतकी साधी गोष्ट, पण "झाकण ठेवा" म्हणून कुणाचा व्हिडिओ चालत नाही ना!

ताज्या लिंबू-आलं सरबतात कच्च्या आल्याची तरतरी हवी असते. तिथे खरंच उकळू नका. बारीक किसणीवर किसा, फडक्यात घालून पिळा, रस वाटीत दहा मिनिटं स्थिर ठेवा. तळाशी पांढरा साका बसेल. घाबरू नका, तो स्टार्च आहे. वरचा रस अलगद ओतून घ्या, साका मागे राहू द्या. ३०० मिली पाण्याला एक छोटा चमचा रस पुरतो. घाईने दोन चमचे घातले की लिंबू गायब आणि नुसती आग.

आणि हो, सकाळी उपाशीपोटी ६० मिली कच्चा रस एका घोटात पिणारे लोक. का? एवढा रस निघायला आल्याचा मोठा ढीग लागतो. छातीत जळजळ, पोटात कळ, वर लिंबू मिसळलं असेल तर दातांच्या इनॅमलवर आम्लाचा मारा. "व्हिटॅमिन सी मिळतं" म्हणतात. १०० ग्रॅम ताज्या आल्यात ते जेमतेम ५ मिलिग्रॅम असतं. मिळत असेल तर ते त्या लिंबातून. "डिटॉक्स"बद्दल मी काही लिहीत नाही, माझा रक्तदाब मला प्रिय आहे. शरीरातली घाण काढायला यकृत आणि मूत्रपिंडं बसलेली आहेत, त्यांना आल्याने पगार द्यावा लागत नाही.

चिडून लिहितोय खरा, पण त्या अर्धा लिटर दुधामागे रात्रभर खोकणारं पोर आणि जागलेली आई होती, हेही दिसतंय. तिला राग येणं साहजिक आहे. म्हणून खोकल्यासाठी काय करायचं ते नीट लिहितो.

१० ग्रॅम आलं तंतूंना आडवं, पातळ चकत्यांत कापा. आल्याच्या दोऱ्या लांबीच्या दिशेने असतात. उभं कापलं तर त्या पेल्यात तरंगत राहतात आणि नेमक्या खोकणाऱ्याच्या घशात अडकतात. साल काढायची तर चमच्याच्या कडेने खरवडा. सुरीने सालीबरोबर गरही जातो. खरं तर स्वच्छ घासून धुतलं असेल तर सालीसकट चालतं. ३५० मिली पाण्यात घालून झाकण ठेवा आणि मंद आचेवर दहा मिनिटं. गाळा, पिण्याजोगं होऊ द्या, मग एक चमचा मध. उकळत्या पाण्यात मधाचा सुगंध जातो, म्हणून थांबायचं. लिंबू पिळायचं तर तेही शेवटीच. एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही, बोटुलिझमचा, म्हणजे जिवाणूच्या विषाने होणाऱ्या गंभीर आजाराचा, धोका असतो. यात "थोडासा चालतो" वगैरे काही नाही.

यातलं दूध कुठे गेलं? नको ना दूध. हवंच असेल तर सुंठ घ्या. वाळवण्यात एन्झाइमचा जोर बहुतेक संपलेला असतो, त्यामुळे दूध फाटायची भीती जवळजवळ नाही. कपभर दुधाला पाव छोटा चमचा पूड, आधी दोन चमचे गरम पाण्यात कालवून. थेट दुधात टाकली तर गाठी होतात, वर तरंगतात आणि पहिल्याच घोटात ठसका. पूड विकत आणण्यापेक्षा अख्खी सुंठ आणून लागेल तशी कुटा आणि चाळून घ्या, दळलेल्या पुडीचा वास फार दिवस टिकत नाही. मैत्रिणीला काल रात्री हेच करता आलं असतं, डब्यात सुंठ होतीच.

याने सर्दीचा विषाणू मरतो का? नाही. घसा शेकला जातो, पाणी पोटात जातं, बरं वाटतं. नुसत्या गरम पाण्यानेही बरंचसं बरं वाटतं, हेही कबूल. आल्याची खरी ताकद मळमळीवर आहे. १९८२ साली लॅन्सेट नियतकालिकात एक प्रयोग छापून आला होता, ज्यात लोकांना गोल फिरणाऱ्या खुर्चीत बसवलं आणि आल्याची पूड घेतलेले गाडी लागण्याच्या नेहमीच्या औषधवाल्यांपेक्षा जास्त वेळ टिकले. नंतरच्या प्रयोगांत प्रवासातल्या मळमळीचे निकाल सगळे एका सुरात आले नाहीत. गरोदरपणातल्या मळमळीचं चित्र जास्त ठाम आहे. तिथे सहसा दिवसाला १ ग्रॅम सुंठ पूड, २५० मिलिग्रॅमच्या चार भागांत, असं प्रमाण वापरलं गेलंय. ताज्या आल्यात सुमारे ८० टक्के पाणी असतं, म्हणजे १ ग्रॅम पूड म्हणजे ढोबळमानाने ५ ग्रॅम ताजं आलं. पातळ चकत्या गरम पाण्यात दहा मिनिटं मुरवा आणि घोट घोट दिवसभर प्या. डॉक्टरांना सांगून, अर्थात.

पाळीच्या दुखण्यातही पहिल्या तीन-चार दिवसांत थोडा उतार मिळतो. गुडघेदुखीत फार तर किंचित. जिथे उपयोग आहे तिथे तो आहेच, मग उगाच कर्करोगापासून टकलापर्यंत सगळं आल्याच्या गळ्यात कशाला बांधता?

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, मधुमेहाची औषधं असतील, पित्ताशयात खडे असतील किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल तर रोजचं भरपूर आलं सुरू करण्याआधी विचारा. चहातल्या तुकड्याबद्दल बोलत नाहीये. रोजच्या पेलाभर काढ्याबद्दल बोलतोय. ज्यांना आम्लपित्ताचा त्रास आहे त्यांना तर पोटच सांगेल.

बऱ्याच जणांनी मागे सिरपचं विचारलं होतं, तेही उरकतो. २०० ग्रॅम आलं चकत्या करून ५०० मिली पाण्यात झाकण ठेवून २५ मिनिटं मंद उकळा, वीस मिनिटं तसंच मुरू द्या, गाळा. जेवढं पाणी निघेल तेवढ्याच वजनाची साखर घालून विरघळेपर्यंतच तापवा. किसून केलंत तर जास्त तिखट होतं, पण स्टार्चमुळे गढूळ दिसतं. चकत्यांचं स्वच्छ राहतं. उकळून कोरड्या केलेल्या बाटलीत, फ्रिजमध्ये, दोन-तीन आठवडे. एक भाग सिरप, पाच भाग थंड सोडा. साखर कमी करणाऱ्यांनी हे लक्षात घ्या, की साखर इथे गोडीबरोबर टिकाऊपणाही देते. निम्मी केलीत तर आठवड्यात संपवा.

आंबवून फेसाळ पेय करायचं असेल तर अर्धा लिटर पाण्यात एक मोठा चमचा सालीसकट किसलेलं आलं आणि एक मोठा चमचा साखर. रोज तेवढंच दोन्ही घालून ढवळायचं, तोंडाला फडकं बांधायचं. पाच ते सात दिवसांत बुडबुडे दिसले पाहिजेत. नाही दिसले तर कारणं बहुधा दोन: नळाच्या पाण्यातलं क्लोरिन (पाणी उकळून गार करून घ्या) किंवा साल काढलेलं आलं, कारण लागणारं यीस्ट सालीवरच बसलेलं असतं. वर रंगीत बुरशी धरली तर सगळं फेकून द्या. वरचं काढून खालचं वापरू, ही काटकसर नको. तयार मिश्रण गाळून गोड, गार झालेल्या आल्याच्या काढ्यात घाला, लिटरला साधारण १०० मिली. आणि पहिल्यांदा करत असाल तर कृपा करून प्लास्टिकच्या बाटलीत भरा, वर तीन-चार सेंटिमीटर जागा सोडून. बाटली दाबून कडक लागली की लगेच फ्रिजमध्ये. काचेच्या बाटलीचा दाब कळत नाही, ती फुटते तेव्हाच कळतो. यात थोडं अल्कोहोल तयार होतं, जास्त दिवस बाहेर राहिलं तर जास्त. मुलांसाठी सिरप-सोडाच बरा.

आलं साठवायचं तर न धुता, न सोलता कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये. जास्त असेल तर अख्खंच गोठवा, गोठलेलं आलं सुरेख किसलं जातं आणि दोऱ्या येत नाहीत. कापल्यावर आत निळसर कडं दिसलं तर काही जातींत ते असतंच, वास आणि घट्टपणा ठीक असेल तर वापरा. मऊ पडलेलं, बुरशीचं मात्र नको.

हे टाईप करेपर्यंत मैत्रिणीचा दुसरा मेसेज आला. काढा केला, लेकाने अर्धा पेला प्यायला, अर्धा सांडला. विचारतेय, गाळलेल्या चकत्यांचं काय करू? अगं, निम्म्या पाण्यात आणखी एकदा उकळ, दुसरा काढा पातळ निघेल पण निघेल. आणि आता त्यात दूध घातलंस तरी चालेल.